सगळंच शुगरच्या माथी नको : रामबागेतल्या काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

मधुमेह आणि आतड्यातल्या पॉलिपवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया परवा रात्रीच वाचली. उत्तराला दोन दिवस लागले, कारण तुमच्या तीन आक्षेपांतला एक खरा आहे, आणि तो कबूल करण्याआधी मला माझाच लेख पुन्हा वाचायचा होता. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी सांगते. काकांच्या मते मधुमेह आणि मोठ्या आतड्यातले पॉलिप, म्हणजे अस्तरावर उगवणाऱ्या गाठी (त्यांतल्या काहींचा पुढे कर्करोग होतो), यांचा संबंध वरवरचा आहे. दोन्ही वयाबरोबर आणि पोटाच्या घेराबरोबर येतात, इतकंच. दुसरं, हा मांसाहारी पाश्चात्त्यांचा रोग, वरण-भात-पोळीवाल्यांचा नव्हे. तिसरं, असे लेख आतड्याच्या दुर्बिणीच्या तपासणीला (कोलोनोस्कोपीला) गिऱ्हाइकं पुरवतात. शेवटी त्यांनी लिहिलंय, "मला १८ वर्षं शुगर आहे, हिमोग्लोबिन दहाच्या आसपास असतं, डॉक्टर म्हणतात वय झालं. मी मजेत आहे."

आधी चूक. "मधुमेहामुळे पॉलिप होतात" हे वाक्य मी तसं लिहायला नको होतं. आता बदललंय. खात्रीने म्हणता येतं ते एवढंच, की टाइप २ मधुमेह असलेल्यांत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचं प्रमाण इतरांच्या साधारण सव्वापट दिसतं, आणि ज्यांचा पुढे कर्करोग होऊ शकतो ते ॲडिनोमा जातीचे पॉलिपही त्यांच्यात जास्त सापडतात. सव्वापट म्हणजे इतरांत १० जण असतील तिथे १२-१३. झोप उडावी एवढं हे नाही.

पण सगळं घेरावर ढकलून हिशेब जुळत नाही. वजनाचा परिणाम बाजूला काढून पाहिलं तरी फरक थोडा उरतोच. टाइप २ च्या सुरुवातीच्या वर्षांत शरीर इन्सुलिनला दाद देत नाही, म्हणून स्वादुपिंड ते जास्त तयार करतं. इन्सुलिन साखर आत घेण्याचा निरोप देतं तसा पेशींना वाढण्याचाही देतं. आतड्याचं अस्तर दर चार-पाच दिवसांनी नवं होत असतं, तिथे असा निरोप वर्षानुवर्षं मिळत राहणं बरं नव्हे. ॲक्रोमेगाली या आजारात वाढीची संप्रेरकं रक्तात फार असतात, आणि त्या रुग्णांतही हे पॉलिप जास्त आढळतात. मला हा दुवा महत्त्वाचा वाटतो. मात्र हे वाचून कुणी इन्सुलिनचं इंजेक्शन बंद करू नका. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या ओरिजिन चाचणीत साडेबारा हजार लोकांना सुमारे सहा वर्षं पाहिलं गेलं. ग्लार्जिन इन्सुलिन घेणाऱ्यांत कर्करोग वाढलेला दिसला नाही.

आता ज्यासाठी मी तो लेख लिहिला, ते. मधुमेह पॉलिप वाढवतो की नाही यावर आपण वाद घालू शकतो. तो पॉलिप लपवतो, हे मी घरात पाहिलंय.

माझा दादा इथेच इंदुरात सुदामानगरात राहतो, शुद्ध शाकाहारी, बारा वर्षांची शुगर. बद्धकोष्ठ सुरू झालं तेव्हा सगळे म्हणाले शुगरमध्ये होतंच. अधूनमधून पोट बिघडायचं ते मेटफॉर्मिन या शुगरच्या गोळीच्या नावावर गेलं. संडासात रक्त दिसलं तेव्हा मूळव्याध, आणि पोह्यांवरचा जिरावण मसाला बंद. आपल्याकडे मूळव्याधीलाही "कोंब" म्हणतात आणि पॉलिपलाही कुणीकुणी कोंबच म्हणतात, त्यामुळे फोनवर वहिनी काय सांगतेय हे मलाही नीट कळलं नाही. हिमोग्लोबिन ९ वर आलं. तेव्हाच्या डॉक्टरांनी मेटफॉर्मिनमुळे बी-१२ कमी झालं असेल म्हणून इंजेक्शनं दिली. असं होतं, हे खरं आहे. पण बी-१२ कमी पडलं की तांबड्या पेशी सहसा मोठ्या होतात. दादाच्या रिपोर्टात एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचा सरासरी आकार, ७० होता, म्हणजे पेशी लहान. लहान पेशी म्हणजे बहुधा लोह कमी, आणि साठीच्या पुरुषाचं लोह कमी झालं तर ते कुठून गळतंय हे शोधायलाच हवं. तो आकडा कागदावर आठ महिने होता. आम्हीही वाचला नाही.

शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी दुर्बीण सांगितली. सव्वादोन सेंटीमीटरचा पॉलिप निघाला, त्याच बैठकीत काढला. बायोप्सीत पेशी बऱ्याच बिघडलेल्या होत्या, पण कर्करोग नव्हता. बहुतेक पॉलिप कर्करोगापर्यंत जातच नाहीत. जे जातात त्यांना बहुधा दहाएक वर्षं लागतात. म्हणजे आपल्या हातात वर्षं असतात. ती आम्ही "शुगर आहे ना" म्हणत घालवत होतो.

पाश्चात्त्य रोगाबद्दल: आपल्याकडे प्रमाण कमी आहे, मान्य. पण मांस हे अनेक कारणांपैकी एक. तंबाखू, दारू, बसून काम, मैद्याचं खाणं ही बाकीची इंदुरात भरपूर आहेत.

आणि गिऱ्हाइकं. अमेरिकेत २०२१ पासून ४५ व्या वर्षापासूनच सरसकट आतड्याची तपासणी सुचवतात. आपल्या कर्करोग तपासणीच्या सरकारी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख आहेत, आतडं नाही. प्रत्येक मधुमेह्याने दुर्बीण करावी असं मी म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. काही त्रास नसेल तर शौचातलं न दिसणारं रक्त शोधणारी फिट चाचणी डॉक्टरांना विचारून करता येते, पथ्य लागत नाही. पण रक्त दिसत असेल किंवा लोह कमी असेल तर ती चाचणी पुरत नाही. दुर्बीण ठरलीच तर आदल्या दिवशीच्या उपासात गोळ्या-इन्सुलिन किती घ्यायचं हे आधी लिहून घ्या. लघवीतून साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्या काही दिवस आधीच थांबवाव्या लागतात. मधुमेहात आतडं बऱ्याचदा मंद असतं, पोट नीट साफ होत नाही. दादाची पहिली तारीख त्यातच वाया गेली.

काका, तुमचं ते दहाच्या आसपासचं हिमोग्लोबिन मला स्वस्थ बसू देत नाही. नुसत्या वयाने ते इतकं उतरू नये. मूत्रपिंडामुळे असेल, बी-१२ मुळे असेल, पण कारण असेल. शेवटचा रक्ताचा रिपोर्ट काढा, एमसीव्हीपुढचा आकडा बघा, आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा सांगणारी रक्ततपासणी) कधी केलंय का ते डॉक्टरांना विचारा. इथे लिहायचं नसेल तर मला ईमेल करा.