कायम होण्याचे वय

मंगळवारी सकाळी, ग्रामीण रुग्णालयाच्या केसपेपरच्या रांगेतील निदान चाळीस माणसांच्या देखत, मला नोकरीत कायम करावे म्हणून एका आजोबांनी वैद्यकीय अधीक्षकांकडे रदबदली केली. माझे वय 62 असून मी बँकेतून रीतसर सत्कार, शाल आणि न चालणारे भिंतीवरचे घड्याळ घेऊन निवृत्त झालेलो आहे.

आठवड्यातून दोन दिवस मी तेथे फुकट उभा राहतो. रक्त कोठे तपासतात, क्ष-किरण कोणत्या खोलीत काढतात, असे सांगत राहणे एवढेच माझे काम.

"पगार किती पडतो, साहेब?" आजोबांनी विचारले.

"पगार नाही. मी स्वयंसेवक आहे."

"म्हंजे रोजंदारीवर?"

"रोजही नाही."

"मग वरकड सुटत आसंल." हे त्यांनी इतक्या समजूतदारपणे म्हटले की, मला रागावताही येईना. 15 ऑगस्ट 2023पासून केसपेपरचेही पैसे बंद झाले आहेत, असे मी थोड्या अभिमानानेच सांगितले, तर त्यांचा चेहरा उतरला. "मंग तर तुमचं लईच अवघड झालं. आमच्या थोरल्याचं बी असंच हाय. अकरा वर्षं कंत्राटी. पर त्याला बारा हजार तरी देत्यात."

यानंतर रांगेतील एका बाईंनी, कोणी न विचारता, माझ्याकडे पाहून "च्च" केले.

आजोबा आले होते आजींचे आयुष्मान कार्ड काढायला. पाच लाखांपर्यंतचे उपचार मोफत असल्याचा फलक डोक्यावर होता आणि त्याखालच्या यंत्रावर आजींचा अंगठा उमटत नव्हता, कारण चाळीस वर्षे खुरपे धरून बोटांवरच्या रेषा झिजल्या होत्या. ओटीपी मागवावा, तर आधारला जोडलेला मोबाइल भोसरीच्या कारखान्यात पहिल्या पाळीला गेलेल्या मुलाचा, आणि तो फाटकावर जमा. शिवाय शिधापत्रिकेवर आजी 'पारू' आणि आधारवर 'पार्वती'. मी आठ वेळा त्यांचा अंगठा माझ्या रुमालाने पुसला. यंत्र प्रत्येक वेळी पुन्हा प्रयत्न करायला सांगत होते. माणसाने असे आठदा सांगितले असते, तर मी त्याच्याशी भांडलो तरी असतो. ज्यांच्या हाताची कातडी शाबूत आहे त्यांनाच सवलत द्यायची असेल, तर तसे त्या फलकावर लिहावे. बस भाड्याचे पैसे खर्चून दोघे आले होते आणि त्यांना "गुरुवारी मुलाला घेऊन या" असे सांगण्याचे पुण्यकर्म माझ्या वाट्याला आले.

आजोबा चिडले नाहीत. उलट, या माणसाला अधिकारच दिलेले नाहीत, बिचारा कायम नाही, अशी त्यांची खात्री पटली असावी. समोरून अधीक्षक येताना दिसताच ते आडवे गेले आणि हात जोडून म्हणाले, "डाक्टरसाहेब, ह्यांचं तेवढं बघा. मानूस बरा हाय."

अधीक्षकांनी हातातील कागदांवरून नजर न उचलता विचारले, "अर्ज आणलाय का?"

आजोबा वळून कितीतरी वेळ माझ्याकडे पाहत राहिले. "एवढं शिकलेलं दिसताय," ते म्हणाले, "आन् साधा अर्ज केला न्हाई व्हय?"