मामांची राज्यसभा, माझं न्यू जर्सी

गेल्या उन्हाळ्यात मामा साताऱ्याहून आमच्याकडे न्यू जर्सीतल्या एडिसनला आले ते मतदारसंघ पुनर्रचनेचा वाद बॅगेत घालूनच. लोकसभेच्या जागांची राज्यवार वाटणी अजून 1971 च्या जनगणनेवर चालते. ती नव्या लोकसंख्येवर गेली तर ज्यांनी कुटुंबनियोजन पाळलं त्यांचंच नुकसान, असं दक्षिणेकडची राज्यं म्हणतात, आणि मामांना ते पटलेलं. त्यांचा तोडगा तयार होता: ‘‘राज्यसभेत तुमच्या अमेरिकेसारखं करा. लहान-मोठं काही नाही, प्रत्येक राज्याला सारख्या जागा. तत्त्व म्हणजे तत्त्व!’’

तत्त्व हा शब्द ऐकून मी त्यांना फिलाडेल्फियाला नेलं.

इंडिपेंडन्स हॉलमधली ती खोली बघून मामा आधी हिरमुसलेच. कठड्यामागून दिसतात हिरव्या कापडाने झाकलेली टेबलं, लाकडी खुर्च्या आणि समोर चौथऱ्यावर जॉर्ज वॉशिंग्टनची उंच पाठीची खुर्ची, पाठीवर कोरलेला अर्धा सूर्य. ‘‘अरे, आमच्या सोसायटीची सर्वसाधारण सभा यापेक्षा मोठ्या हॉलमध्ये होते,’’ मामा म्हणाले. ते गावच्या विकास सोसायटीचे माजी चेअरमन.

1787 च्या उन्हाळ्यात इथे दारं-खिडक्या लावून अमेरिकेची राज्यघटना लिहिली गेली. व्हर्जिनियासारखी मोठी राज्यं म्हणत होती, दोन्ही सभागृहांत जागा लोकसंख्येप्रमाणे. लहानांचा विरोधी मसुदा मांडला विल्यम पॅटरसन यांनी, आणि तो ओळखला जातो आमच्याच राज्याच्या नावाने, न्यू जर्सी प्लॅन. डेलावेअरचे गनिंग बेडफर्ड तर भर सभेत म्हणाले की मोठ्यांनी राज्यांचा संघ मोडलाच, तर लहानांना हात देणारी परकी सत्ता सापडेल. याला तत्त्वचर्चा म्हणायची की दमबाजी? 16 जुलैला खालचं सभागृह लोकसंख्येवर आणि वरच्या सभागृहात, म्हणजे सिनेटमध्ये, सगळी राज्यं सारखी, ही तडजोड 5 विरुद्ध 4 राज्यांनी पार पडली. मॅसॅच्युसेट्सची मतं आपसातच फुटली, म्हणून त्यांचं मत धरलंच नाही. आणि त्याच तडजोडीत, खालच्या सभागृहाच्या जागा मोजताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसं, हा हिशेबही बसवला गेला. घटनेचा अभिमान सांगणाऱ्यांनी ही ओळ गाळू नये.

‘‘पण आमच्या सोसायटीत तेच असतं,’’ मामा मागे हटेनात. ‘‘शेअर्स कितीही घ्या, मत एकच.’’

मामांचा मुद्दा बिनतोड वाटतो, पण सोसायटीत सभासद हा माणूस असतो. सिनेटमध्ये सभासद आहे राज्य. पेनसिल्व्हेनियाच्या जेम्स विल्सन यांनी याच खोलीत विचारलं होतं की आपण सरकार बनवतोय ते माणसांसाठी, की राज्य नावाच्या काल्पनिक जिवांसाठी? उत्तर मिळालं नाही, मतदान झालं.

त्याची किंमत आता आम्ही मोजतो. 1790 च्या जनगणनेत व्हर्जिनिया डेलावेअरच्या बारा-तेरा पट होतं. आज कॅलिफोर्निया वायोमिंगच्या सदुसष्ट पटीच्या आसपास आहे, सिनेटर मात्र दोघांचे दोन-दोन. लहान म्हणून भांडलेलं न्यू जर्सी आता नव्वद लाखांच्या वर गेलंय. म्हणजे पॅटरसननी आमच्यासाठी जे मिळवलं, तेच आज आम्हाला नडतं. बदलायची सोयही ठेवलेली नाही. कुठल्याही राज्याचं सिनेटमधलं समान मत त्याच्या संमतीशिवाय काढता येत नाही, असं पाचव्या कलमातच लिहून ठेवलंय. संमती देणार कोण, वायोमिंग?

जागा गोठवण्याचा रोगही भारताचा एकट्याचा नाही. इथलं खालचं सभागृह 1913 पासून 435 वर अडकलंय. अलास्का-हवाई आले तेव्हा थोडे दिवस दोन जागा वाढल्या, तेवढंच. फरक एवढाच की इथे दर जनगणनेनंतर त्या 435 जागा राज्यांत नव्याने वाटल्या जातात. कुणाची जाते, कुणाला मिळते. चडफड होते, पण हिशेब पन्नास वर्षं तुंबून राहत नाही. भारताने इथून काही उचलायचंच असेल तर माझ्या मते हे उचलावं, सिनेट नव्हे.

परतताना गाडीत मी मामांना आकडे सांगितले. राज्यसभेत महाराष्ट्राच्या 19 जागा, गोव्याची 1. निवडून येणाऱ्या सगळ्या जागा 28 राज्यांना सारख्या वाटल्या तर प्रत्येकाला साधारण आठ. आणि लोकसभेचं म्हणाल तर आजच्या 543 जागा 2011 च्या लोकसंख्येवर वाटल्या, तरी महाराष्ट्राच्या 48 च्या एक-दोन वाढतीलच.

‘‘आठ?’’ मामांनी विचारलं. मग डेलावेअर नदीवरचा पूल ओलांडेपर्यंत गप्प. टोल कुठेच लागला नाही याचं तेवढं नवल केलं. मी म्हटलं, न्यू जर्सीत यायला फुकट, बाहेर जायला पैसे.

रात्री त्यांनी घरच्या ग्रुपवर त्या खुर्चीचा फोटो टाकला. राज्यसभेवरचा सकाळचा मेसेज मात्र डिलीट झालेला दिसला.