प्रवासानं गर्भ पडतो का? काकूंच्या प्रतिक्रियेला उत्तर

काकू, तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. पहिल्या तीन महिन्यांतही प्रवासाला सरसकट बंदी नको, असं मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं, भाची तिसऱ्या महिन्यात पुण्याहून रत्नागिरीला एसटीनं आली, चार दिवसांत गर्भ पडला, आणि माझ्यासारख्या डॉक्टरांमुळे पोरी ऐकेनाशा होतात. तुमचा राग कळतो. पण मुद्दा सोडत नाही, कारण प्रवासाला दोष देण्यात तुमच्या भाचीवरच अन्याय होतोय.

पहिल्या तीन महिन्यांत पडणाऱ्या गर्भांपैकी निम्म्यांमध्ये तरी गुणसूत्रांतच दोष असतो. शिवाय रक्तस्राव दिसायच्या कित्येक दिवस आधी वाढ थांबलेली असते. सोनोग्राफीत ९ आठवड्यांच्या गर्भाचं माप ७ आठवड्यांचं येतं, ठोके नसतात. म्हणजे भाची एसटीत बसली तेव्हा बहुधा जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. ओपीडीत सासूबाई हमखास विचारतात, "रिक्षानं आली होती, म्हणून का हो?" शेजारी सून मान खाली घालून बसलेली असते. तिच्यासमोर "असेलही" म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

प्रवासातलं मला भय आहे ते वेगळंच. खड्ड्यांच्या रस्त्यावर दुचाकीवरून पडणं, हे एक. दुसरं, तासन्‌तास पाय लोंबकळत बसणं. गरोदरपणात रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढलेली असते, म्हणून दर दीड-दोन तासांनी उतरून चालायला हवं. त्यात बाया लघवीच्या भीतीनं पाणीच पीत नाहीत (स्टँडवरची स्वच्छतागृहं बघता त्यांना तरी काय बोलायचं!). आणि गाडीतला पट्टा. "पोटावर दाब येतो" म्हणून तो लावतच नाहीत. खालचा पट्टा पोटाच्या खालून, मांड्यांच्या वर, कमरेच्या हाडांवरून घ्यायचा. तिरका पट्टा छातीच्या मधून पोटाच्या कडेनं. असा लावला तर गाडी आपटली तरी आई आणि बाळ दोघंही जास्त सुरक्षित राहतात.

रक्तस्राव होत असेल, वार (प्लासेंटा) गर्भाशयात खाली, तोंडाशी असेल, रक्तदाब वाढलेला असेल तर मीही पाठवत नाही. तिथे वाद नाहीच.

पण आपल्याकडे पहिलटकरणीला "आठव्यात हलवायचं नाही" म्हणून थांबवतात आणि नवव्यात घाटातून माहेरी आणतात, त्याचं काय? बहुतेक विमान कंपन्या ३६ आठवड्यांनंतर घेतच नाहीत, कारण कळा कधीही सुरू होऊ शकतात. घाटातही त्या तशाच सुरू होतात, आणि तिथून दवाखाना दूर असतो. डोहाळजेवण सातव्यात झालं की लगेच न्या. सोबत सगळे रिपोर्ट आणि सोनोग्राफीचे कागद द्या. रेल्वेत गरोदर बायकांना लोअर बर्थचा कोटा असतो, तोही मागा.

आणि काकू, भाचीचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर तेव्हा अँटी-डी इंजेक्शन (आईच्या रक्तात पुढच्या बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ नयेत म्हणून देतात ते) दिलं होतं का, हे कागदांत बघायला सांगा. पुढच्या खेपेला डॉक्टर ते विचारतील.