केल्यान

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चार दिवस एकच वाद चालू आहे. दादाची मुलगी बारावीला. मैत्रिणीला पाठवायचा व्हॉइस मेसेज चुकून ग्रुपवर पडला: ‘तेना माका घोस्ट केल्यान.’ बोलणं तोडलं, उत्तरच देत नाही, एवढाच अर्थ. दादाने मालवणहून लगेच लिहिलं, ‘इन्स्टावरच्या या घोस्ट, रिझ, डेलुलूने मराठी बुडवली.’

मला राग आला तो दादाचा. घोस्ट हा एक शब्द सोडला तर बाकी वाक्य अस्सल मालवणी. पगार, चावी, घमेलं, बटाटा पोर्तुगिजांकडून आले ते याच किनाऱ्यावरून. अफोन्सोचा हापूस आपणच केला, आणि 2018 मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा दादाने वाडीत पेढे वाटले होते. त्याने एका शब्दाला घाबरावं?

इथे मेलबर्नमध्ये ‘आफ्टरनून’चं आर्व्हो होतं, ‘ब्रेकफास्ट’चं ब्रेकी. याच लकबीतला ‘सेल्फी’. 2002 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका तरुणाने, पडून ओठ फुटल्यावर स्वतःचा फोटो इंटरनेटवर टाकताना तो लिहिला. 2013 मध्ये ऑक्सफर्डने त्याला वर्षाचा शब्द ठरवलं. 2024 ला ‘ब्रेन रॉट’, म्हणजे फालतू ऑनलाइन मजकुराने डोकं सडणं, 2025 ला ‘रेज बेट’, म्हणजे लोकांना मुद्दाम चिडवायला टाकलेला मजकूर. केंब्रिजने तर डेलुलू आणि स्किबिडीही कोशात घेतले. माझ्या ऑफिसात कुणी इंग्रजी बुडाली म्हणून गळा काढला नाही.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं, जरा जोरातच. दादाचं उत्तर आलं: ‘इंग्रजीक काय होवचा नाय. तिका जग आसा. आपल्याक कोण आसा?’

तेव्हा मी ट्राममध्ये होते, शेजारी माझा तेरा वर्षांचा मुलगा. काही न सुचून त्याला भाचीचा मेसेज ऐकवला. ‘घोस्ट’ ऐकून तो हसला. मग बाकी ती काय म्हणाली, ते त्याने इंग्रजीत विचारलं.

बाकी म्हणजे सगळंच. माझ्या आईची भाषा. ती मी त्याच्याशी घरात बोललेच नाही. शाळेत मागे पडेल म्हणून आधी इंग्रजी, मराठी पुढे बघू, असं म्हणत राहिले. दादाला हे ठाऊक आहे, तरी त्याने ते ग्रुपवर काढलं नाही.

मेसेज पुन्हा लावला. तेना म्हणजे त्याने. माका म्हणजे मला. ‘केल्यान’ म्हणजे त्याने केलं. करणारा त्या ‘न’मध्येच असतो, असं सांगत होते. त्याने हळूच म्हणून पाहिलं, ‘केल्यान’. ल्या जड पडला. परत म्हण, म्हटलं. आमचा थांबा मागे गेला होता.