‘आधी पाठीवर पंप घेऊन पाहा’ म्हणणाऱ्या भाऊंना

भाऊ, फवारणीच्या औषधांनी नाल्यातले बेडूक कमी झाल्याबद्दलच्या माझ्या लेखावर तुम्ही ‘एक शेतकरी’ म्हणून लिहिलंत, ‘एसीत बसून बेडकांसाठी रडणाऱ्याने आधी पाठीवर पंप घेऊन पाहावा. बेडूक पावसापायी गेले, शेतकऱ्याला कशाला दोष देता? पाण्याची तपासणी तरी केली का?’ लेखाचं शीर्षक भडक होतं, हे मान्य. पण ही काय बोलायची रीत झाली?

बोरीकाठच्या आमच्या वावरात कपाशीवर मी पंप मारलाय. औषध बाटलीच्या झाकणाने मोजायचं, वारा बघून चालायचं. पंप गळका असला की पाठ भिजायची. रात्री भाकरी मोडताना बोटांना तोच वास. आणि संध्याकाळी सगळ्यांचे पंप धुतले जायचे ते नाल्यात. पाणी दुधासारखं पांढरं व्हायचं आणि काठाच्या उथळ पाण्यात पसरायचं. बेडकांची शेपटीवाली पिल्लं तिथेच दाटीने असतात. थोड्या वेळाने ती पोट वर करून तरंगायला लागायची. डोळ्यांदेखत पाहिलंय म्हणून लिहिलं. माझ्या बापाने आयुष्यभर शेती केली, आणि तुम्ही मलाच शेतकऱ्याचा वैरी ठरवता? आधी विचारायचं तरी होतं.

पाऊस लहरी झालाय, खरंय. पण बेडूक पहिल्या पावसात अंडी घालतात, आणि त्याच दिवसांत मक्याच्या पेरणीमागोमाग अ‍ॅट्राझिन हे तणनाशक मारलं जातं. मोठी सर आली की ते नाल्यात. बेडूक पाणी तोंडाने पीत नाही, कातडीतून घेतो. पाण्यातलं औषधही त्याच वाटेने अंगात शिरतं. अमेरिकी शास्त्रज्ञ टायरोन हेस यांनी २००२ मध्ये अब्जात ०.१ भाग एवढ्याशा अ‍ॅट्राझिनमध्ये वाढलेल्या काही बेडकांत नर-मादी दोन्हींचे अवयव आढळल्याचं मांडलं. त्यावर शास्त्रज्ञांत वाद झाला, तोही मी वाचलाय. पण युरोपीय संघाने २००४ मध्ये अ‍ॅट्राझिनला मान्यता नाकारली ती भूजलात उतरतं म्हणून. नाल्याकाठच्या विहिरीचं पाणी आपणच पितो ना?

तपासणीबिपासणीचं नंतर बघू. पंप धुतलेलं पाणी नाल्यात सोडू नका, एवढं एकच मागणं त्या लेखात होतं. त्याने कोणाचं पीक बुडतं ते सांगा. आणि सांगायचं तर नाव लावून सांगा, ‘एक शेतकरी’ म्हणून नको.