पेटंट विकलं, पण रजिस्टरवर नाव कुणाचं?

नमस्कार, तुमची सविस्तर प्रतिक्रिया वाचली, आणि चिडून लिहिली असली तरी मुद्दे धरून लिहिलीय म्हणून नीट उत्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की स्टॅम्प पेपरवर करार केला, नोटरी केली, पैसे घेतले की पेटंट विकलं गेलं, फॉर्म १६ (विकलेल्या पेटंटवर नव्या मालकाचं नाव पेटंट ऑफिसच्या रजिस्टरमध्ये चढवायचा अर्ज) वगैरे भानगडी मी वकिलांची दुकानं चालावीत म्हणून सांगतोय. आणि सातबाऱ्यावर नाव चढायला उशीर झाला म्हणून खरेदीखत खोटं ठरत नाही, तसंच हे.

अर्धी गोष्ट बरोबर आहे तुमची. पेटंट कायद्याचं कलम ६८ एवढंच मागतं की हस्तांतरण लेखी हवं, सगळ्या अटी त्या दस्तात हव्यात आणि त्यावर रीतसर सह्या हव्यात. पण तुम्ही तिथेच थांबलात, पुढचं कलम ६९ वाचलंच नाही. त्यात स्पष्ट लिहिलंय की ज्या दस्ताची पेटंट रजिस्टरमध्ये नोंद नाही तो मालकीचा पुरावा म्हणून कंट्रोलर (पेटंट ऑफिसचा प्रमुख अधिकारी) किंवा कोर्ट घेणार नाही, लेखी कारण देऊन अपवाद केला तरच. सातबाऱ्याची तुलना इथेच तुटते बघा, फेरफार ही महसुली नोंद असते, मालकीचा वाद झाला तर तुम्ही खरेदीखत कोर्टात दाखवू शकता, इथे मात्र नोंद नसेल तर तुमचा दस्तच दाराबाहेर राहण्याची भीती.

आणि कलम ७० तर त्याहून महत्त्वाचं. रजिस्टरवर ज्याचं नाव आहे त्याला पेटंट विकायचा, लायसन्स द्यायचा, पैशांची पावती द्यायचा अधिकार आहे. म्हणजे समजा विकणाऱ्याने तुमच्याकडून पैसे घेतले, तुम्ही नोंद केली नाही, आणि सहा महिन्यांनी त्याने तेच पेटंट दुसऱ्या कंपनीला दिलं, त्यांनी मुकाट्याने नोंद करून घेतली, तर तुम्ही कुठे उभे राहणार? भांडत बसाल वर्षानुवर्षं, आणि पेटंटचं आयुष्य अर्ज केल्यापासून फक्त २० वर्षं, त्यातली निम्मी बरेचदा विकेपर्यंतच संपलेली असतात.

विकणाऱ्याचं काय जातं असं तुम्ही विचारलंय. बरंच जातं. नाव त्याचंच राहिलं तर पेटंट रद्द करा म्हणून कुणी अर्ज केला की नोटीस त्याला, फॉर्म २७ मधली वापराची माहिती द्यायची जबाबदारी त्याची, पेटंट चालू ठेवायची रिन्यूअल फी भरायची कोणी यावरून गोंधळ होऊन पेटंट लॅप्स झालं, म्हणजे बंद पडलं, तर खरेदीदार त्याच्याच गळ्यात पडणार. म्हणून कायद्याने विकणाऱ्यालाही स्वतः नोंदीचा अर्ज करायची मुभा दिलीय, खरेदीदाराची वाट बघायची गरज नाही. एजंट लावायची सक्तीही नाही, फॉर्म आणि दस्ताच्या प्रती घेऊन स्वतः करता येतं. मग दुकान कोणाचं चालतं?

स्टॅम्पबद्दल मात्र सावध राहा. मुद्रांक शुल्क राज्याच्या कायद्याप्रमाणे लागतं, हाताला लागला तो पेपर घेऊन चालत नाही, महाराष्ट्रात शुल्क कमी भरलेला दस्त तर फरक आणि दंड भरेपर्यंत पुराव्यात घेतच नाहीत.

अजून एक, तुम्ही ज्याला पेटंट म्हणताय ते मंजूर झालंय की नुसता अर्ज पडून आहे हे आधी पेटंट ऑफिसच्या साइटवर बघा. अर्जच असेल तर फॉर्म १६ नाही, कलम २० खाली फॉर्म ६ भरून अर्जदाराचं नाव बदलावं लागतं.

शेवटी तुमच्या चुलतभावाचं. पेटंट त्याच्या आणि पार्टनरच्या, दोघांच्या नावावर आहे आणि त्याला स्वतःचा वाटा विकायचाय. कलम ५० प्रमाणे वेगळा करार नसेल तर तो स्वतः ते वापरून माल बनवू शकतो, पार्टनरला हिशोब द्यायचीही गरज नाही, पण वाटा विकायचा किंवा लायसन्स द्यायचं तर पार्टनरची संमती लागतेच. ती आधी लेखी घ्यायला सांगा, मगच खरेदीदाराकडून ॲडव्हान्स घ्या म्हणावं.