धनुर्वाताचं इंजेक्शन फ्लूला चालत नाही

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा मेसेज असा : "गरोदर बाईने फ्लूची लस घेऊ नये, गर्भ पडतो. धनुर्वाताचं घेतलं की पुरे. आपल्या खान्देशच्या उन्हात फ्लू टिकत नाही."

आधी उन्हाचं बघू. मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ च्या घरात जातो, खरं आहे. पण आपल्याकडे फ्लू वाढतो पावसाळ्यात आणि पुन्हा जानेवारी ते मार्चमध्ये. लसीचा गुण यायला दोन आठवडे लागतात, म्हणून एप्रिल-मेमध्ये घेतलेली बरी. ऊन नडतं ते लसीलाच. ती २ ते ८ अंशांतच टिकते. मेडिकलमधून घेऊन पिशवीत टाकली नि एसटीने दवाखान्यात नेली, तर वाया गेली समजा. बर्फाला चिकटून गोठली तरी वायाच. दवाखान्याच्या फ्रीजमधलीच घ्या.

गर्भ पडतो, हे साफ खोटं. या इंजेक्शनात विषाणू मेलेला असतो, त्याने फ्लू होऊच शकत नाही. नाकात फवारायची जिवंत विषाणूची लस वेगळी. ती गरोदरपणी देत नाहीत. २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या लसीसाठी गरोदर स्त्रियांना सर्वांत आधी धरलं, कोणत्याही महिन्यात; आजही त्या प्राधान्याच्या गटात आहेत. दंड दुखतो, एखाद-दोन दिवस कणकण राहते. आधीच्या डोसाने तीव्र अ‍ॅलर्जी झाली असेल तर मात्र घेऊ नका. जोराचा ताप असेल तर उतरू द्या. खरी भीती बाळगावी ती फ्लूची : गरोदरपणी तो लवकर न्यूमोनियावर जातो.

धनुर्वाताचं म्हणजे टीडी. त्याने धनुर्वात आणि घटसर्प अडतो, फ्लू नाही. टीडी सरकारी लसीकरणात फुकट मिळते, फ्लूची लस त्या यादीत नाही. म्हणून आशाताई विचारत नाहीत, घरात विषय निघत नाही, आणि खिशातून पैसे घालायचे म्हटल्यावर मेसेज पटतो. डॉक्टरांनी स्वतःहून 'घ्या' म्हटलं की बहुतेक बायका घेतात. ते बोलले नाहीत तर तुम्ही विचारा. सरकारी दवाखान्यातल्या दर महिन्याच्या ९ तारखेच्या गरोदरपणाच्या तपासणीला सासूबाईंनाही सोबत न्या, त्यांच्यासमोरच विचारा.

सहा महिन्यांखालच्या बाळाला फ्लूची लस देताच येत नाही. त्याला संरक्षण मिळतं ते आईच्या रक्तातून, पोटात असतानाच. दरवर्षी विषाणू बदलतो, तेव्हा मागच्या बाळंतपणातला डोस यंदा धरू नका. घेतल्यावर तारीख कार्डावर लिहून घ्या, माहेरी गेल्यावर तिथल्या डॉक्टरांना तेच दाखवायचं आहे.